अराजकातील नीती : विष्णुभट गोडसे यांचे जीवन

१

मराठी गद्याच्या इतिहासात विष्णुभट गोडसे वरसईकर यांचे नाव एकाच ग्रंथामुळे टिकून आहे. ‘माझा प्रवास’ हा तो ग्रंथ. १८५७ च्या उठावाची मराठीतील प्रत्यक्षदर्शी हकिकत म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांनी त्याचा उपयोग केला. बोलभाषेला जवळ असलेल्या एकोणिसाव्या शतकातील गद्याचा नमुना म्हणून वाङ्मयाच्या अभ्यासकांनी त्याकडे पाहिले. झाशीच्या राणीच्या चरित्राचे साधन म्हणून तर त्याचा आधार वारंवार घेतला जातो. या तिन्ही दृष्टींमध्ये ग्रंथकर्ता मात्र काहीसा बाजूस राहतो. दक्षिणा मिळवून घरचे कर्ज फेडावे एवढ्याच हेतूने घर सोडलेला एक याज्ञिक ब्राह्मण राज्ये कोसळताना पाहतो, लुटला जातो, मरता मरता वाचतो आणि अखेरीस आपल्या गावी परत येतो. या अनुभवातून माणसाच्या स्वभावाविषयी त्याच्या हाती काय आले, हा प्रश्न वेगळा विचारण्याजोगा आहे.

हा प्रश्न जुना आहे. महाभारताच्या शांतिपर्वात अराजकाचे जे वर्णन येते, त्यात राजा नसलेल्या प्रजेची स्थिती पाण्यातील माशांसारखी मानली आहे. मोठ्याने लहानाला गिळावे हाच तेथील न्याय. युरोपात टॉमस हॉब्ज याने १६५१ साली प्रसिद्ध केलेल्या ‘लेव्हायथन’मध्ये सत्तेवाचूनच्या मनुष्यजीवनाचे चित्र याच जातीचे आहे. विल्यम गोल्डिंग यांच्या १९५४ सालच्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ या कादंबरीत निर्जन बेटावर सापडलेली शाळकरी मुले काही काळातच एकमेकांच्या जिवावर उठतात. काळ, देश आणि लेखनप्रकार भिन्न असले तरी या तिन्ही ठिकाणी एक समान गृहीत आहे. नियम हा बांध आहे. तो फुटला की आत कोंडलेले क्रौर्य बाहेर पडते, असे ते गृहीत होय.

गोडसे यांनी असा कोणताही सिद्धान्त मांडलेला नाही. तो त्यांचा पिंड नव्हता. परंतु बांध फुटण्याचा क्षण त्यांनी ग्रंथात वाचला नव्हता, तो डोळ्यांनी पाहिला होता. त्यांच्या आयुष्याची साक्ष या गृहीताशी पुरती जुळत नाही. ती कोठे जुळते आणि कोठे जुळत नाही, हे त्यांच्या चरित्राच्या आधारे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

विष्णुभटांचा जन्म १८२७ साली झाला. वरसई हे त्यांचे गाव आजच्या रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्यात येते. पेशवाई बुडून नऊ वर्षे झाली होती. पेशव्यांच्या दक्षिणेवर आणि सरदारांच्या दानधर्मावर ज्यांची गुजराण चाले, अशा अनेक ब्राह्मण कुटुंबांना या काळात ओढगस्तीचे दिवस आले. गोडसे यांचे घर त्यांपैकीच एक. घरात वैदिक विद्या होती, उपाध्यायपण होते, आचारधर्म होता आणि त्याबरोबर कर्जही होते. विष्णुभट कर्ते झाले तेव्हा त्या कर्जाचा भार त्यांच्यावर आला.

अशा स्थितीत उत्तरेतून एक वार्ता आली. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार असून त्यात मोठा दानधर्म होणार आहे, अशी ती वार्ता होती. तिशीच्या विष्णुभटांनी तेथे जाण्याचे ठरविले. घरच्यांचा जीव खालीवर होत होता. परंतु चुलते रामभट बरोबर निघाल्यामुळे परवानगी मिळाली. १८५७ च्या आरंभी हे दोघे चुलते-पुतणे घराबाहेर पडले. त्यांच्या प्रवासामागे तीर्थयात्रेची ओढ होती, पण मुख्य हेतू अर्थार्जनाचा होता, आणि ही गोष्ट गोडसे यांनी पुढे कधी लपविली नाही.

हा तपशील महत्त्वाचा आहे. गोडसे लढण्यासाठी गेले नव्हते, इतिहास लिहिण्यासाठीही गेले नव्हते. त्यांचा सारा बेत सुस्थिर समाजावर विसंबलेला होता. दाता आहे, यज्ञ आहे, विद्येला मान आहे, वाटेत धर्मशाळा आहे, ओळखीच्या माणसाच्या घरी पंगतीला पान आहे, आणि मिळालेले द्रव्य सुखरूप घरी नेता येईल असा रस्ता आहे, हे सर्व त्यांनी धरून चालले होते. नियमांवर इतका भरवसा असलेला माणूस नियम मोडण्याच्या काळात सापडावा, हीच या चरित्रातील मूळ घटना होय.

३

सातपुडा ओलांडून महूच्या आसमंतात आल्यावर शिपायांच्या तोंडून येऊ घातलेल्या बंडाची कुणकुण त्यांच्या कानी आली. काडतुसांविषयीचा संताप, धर्म बुडविला जाणार ही भीती आणि उठण्याचा निर्धार यांची बोलणी त्यांनी ऐकली. महूच्या छावणीत १ जुलै १८५७ रोजी उठाव झाला. परत फिरावे की पुढे जावे, हा प्रश्न तेव्हा पडला असणार. पण रिकाम्या हातांनी परत जाणे म्हणजे ज्या कर्जासाठी निघालो ते तसेच ठेवणे. चुलते-पुतणे पुढे निघाले. उज्जैन, धार, ग्वाल्हेर असा मार्ग करीत ते मराठी आश्रयदात्यांच्या मुलखातून हिंडले. मथुरेच्या यज्ञाची आशा धामधुमीत मावळली. तरी अनुष्ठाने, दाने आणि ओळखी यांच्या बळावर त्यांचा चरितार्थ चालू राहिला.

या टप्प्यातील एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. सत्ता डळमळीत झाली होती, रस्ते धोक्याचे झाले होते, आज कोणाचा अंमल आणि उद्या कोणाचा याचा नेम नव्हता. तरीही समाजाचे व्यवहार एकाएकी थांबले नाहीत. परगावचा ब्राह्मण दारी आला तर त्याला उतरायला जागा मिळत होती. मृताचे दान दिले जात होते, व्रते होत होती, वायदे पाळले जात होते. राज्याचा नियम आणि लोकांचा रिवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिला मोडला तरी दुसरा काही काळ आपल्याच गतीने चालत राहतो, हे गोडसे यांच्या प्रवासातून सहज दिसून येते.

झाशीला ते वेढ्यापूर्वीच पोहोचले. तेथील मराठी वस्तीत त्यांची सोय लागली आणि राणी लक्ष्मीबाईंच्या दरबारापर्यंत त्यांचा प्रवेश झाला. राणीची दिनचर्या, व्यायाम, घोड्यांची पारख, महालक्ष्मीच्या दर्शनाला जाणे, कचेरीत बसून न्याय करणे यांचे जे वर्णन त्यांनी केले, तेच पुढे मराठी वाचकांच्या मनात कायम झाले. त्यातले दोन प्रसंग आपल्या विषयाच्या दृष्टीने बोलके आहेत. कडाक्याच्या थंडीत गारठलेले गोरगरीब लोक दाटीने जमले तेव्हा त्यांना उबेची वस्त्रे वाटण्याची व्यवस्था राणीने केली, हा एक. बरवासागरच्या बाजूला दरोडेखोरांचा उपद्रव वाढला तेव्हा ती स्वतः तेथे जाऊन राहिली आणि तिने त्यांचा बंदोबस्त केला, हा दुसरा. आजूबाजूचा मुलूख पेटलेला असताना एका शहरापुरते का होईना, राज्य चालू होते. दुर्बळाला पांघरूण आणि पुंडाला शासन ही राज्याची दोन्ही कामे गोडसे यांनी झाशीत पाहिली.

तथापि त्याच झाशीच्या अलीकडच्या इतिहासात एक काळी नोंद होती. ८ जून १८५७ रोजी किल्ल्यातून बाहेर पडलेल्या इंग्रज पुरुषांना, बायकांना आणि मुलांना बंडवाल्यांनी जोखनबागेत ठार मारले होते. कानपुरात २७ जूनला सतीचौरा घाटावर आणि १५ जुलैला बिबीघरात जे घडले, तेही याच उन्हाळ्यातले. गोडसे या घटनांचे साक्षीदार नव्हते. पण पुढच्या वर्षी झाशीवर जे ओढवले, त्याचे एक मूळ या कत्तलींत होते, हे विसरून चालणार नाही.

४

२१ मार्च १८५८ रोजी सर ह्यू रोज याची फौज झाशीसमोर आली. तोफांचा मारा सुरू झाला. तात्या टोपे मदतीला आले, परंतु १ एप्रिलला बेतवेच्या काठी त्यांचा मोड झाला. ३ एप्रिलला इंग्रजी फौज तटावरून शहरात शिरली आणि नंतरच्या रात्री राणी किल्ल्यातून निसटली. गोडसे शहरातच होते.

त्यानंतर झाशीत जे झाले, त्याला गोडसे यांच्या लेखनात ‘बिजन’ असा शब्द आहे. बिजन म्हणजे सरसकट कत्तल. घराघरात शिरून पुरुष मारले गेले. लपलेल्यांना हुडकून काढण्यात आले, घरांना आगी लागल्या, विहिरींत उड्या टाकलेल्यांनाही सुटका मिळाली नाही. रस्त्यांत प्रेते पडून राहिली, कारण ती उचलायला माणूस उरला नव्हता. गोडसे आणि त्यांचे चुलते लपून बसले. जवळचे द्रव्य गेले, प्राण तेवढे वाचले. झाशीतील कत्तलीची कबुली काही इंग्रज साक्षीदारांच्या लेखनातूनही मिळते. तेव्हा हे वर्णन भेदरलेल्या मनाची अतिशयोक्ती म्हणून बाजूला सारता येत नाही.

परंतु या भीषण प्रकरणाची मांडणी बारकाईने पाहिली असता एक विलक्षण गोष्ट लक्षात येते. झाशीतील क्रौर्याला क्रम होता. कत्तलीला दिवसांची मर्यादा होती. कत्तल थांबल्यावर लूट चालू राहिली आणि त्या लुटीतही पायऱ्या होत्या. आधी सोने, रुपे आणि रोकड, मग तांब्यापितळेची भांडी, मग कापडचोपड, अखेर धान्यापर्यंत मजल गेली. निरनिराळ्या पलटणींना निरनिराळ्या मालाची पाळी येत होती. म्हणजे शहर लुटले जात असताना लुटणाऱ्यांत आपसातला नियम शाबूत होता. कोणी काय घ्यावे, केव्हा घ्यावे आणि केव्हा थांबावे हे ठरलेले होते.

येथे बांध फुटण्याचे रूपक अपुरे पडते. गोल्डिंग यांच्या बेटावर वडील माणसे नसतात म्हणून मुले रानटी होतात. झाशीत वडील माणसे हजर होती. सेनापती होता, अधिकारी होते, शिस्त होती, पगाराचे हिशेब होते. जगातील एका प्रबळ राज्याचा नियम तेथे पूर्णपणे अमलात होता. त्या नियमाने काही दिवसांपुरते एका शहराला आपल्या संरक्षणाबाहेर काढले होते, एवढेच. जून १८५७ च्या रक्तपाताचा सूड हे त्याचे कारण सांगितले गेले. सूडाची गंमत अशी, की ज्यांनी मारले ते आणि ज्यांना त्याबद्दल मारले ते एक असावे लागत नाहीत. जोखनबागेत मेलेल्या मुलांनी कोणाचे काही केले नव्हते. झाशीच्या गल्ल्यांत मेलेल्या कोष्ट्या-वाण्यांनीही केले नव्हते. दोन्ही वेळा मारणाऱ्याने समोरच्या माणसाला आधी नियमाबाहेर काढले आणि मग मारले.

सर्वसामान्य समजूत अशी, की नियम नाहीसा झाला म्हणजे माणूस पशू होतो. गोडसे यांच्या साक्षीवरून काढता येणारा निष्कर्ष अधिक अस्वस्थ करणारा आहे. नियम बहुधा नाहीसा होत नाही. तो कोणाला लागू आहे याची यादी बदलते. यादीबाहेर पडलेल्याशी वागताना शिस्तीचा माणूससुद्धा पशूला लाजवील असे वागतो, आणि वागून झाल्यावर पुन्हा आपल्या पलटणीच्या रांगेत नीट उभा राहतो.

झाशीच्या राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाची नासधूस गोडसे यांच्या जिव्हारी लागली. वेद, भाष्ये, सूत्रे, पुराणे अशा पोथ्या तेथे जतन करून ठेवलेल्या होत्या. सोन्याला किंमत होती म्हणून ते नेले गेले. पोथ्यांना लुटणाऱ्यांच्या लेखी किंमत नव्हती म्हणून त्या फाडल्या आणि उधळल्या गेल्या. आयुष्यभर पोथीवर पोट भरलेल्या माणसाचे हे दुःख आहे. परंतु त्यात एक व्यापक अर्थही आहे. लूट वस्तू पळवते तेव्हा त्या वस्तूचे मोल तरी मान्य करते. नासधूस ते मोलच नाकारते.

५

झाशीतून निघाल्यावरचा प्रवास हा खऱ्या अर्थाने नियमहीन मुलखातला प्रवास होता. येथे फौजेची शिस्तही नव्हती. पांगलेले शिपाई, दरोडेखोर, संशयाने पाहणारे गावकरी यांच्यामधून वाट काढायची होती. गोडसे मिळवीत गेले आणि लुटले जात गेले. मोठ्या कष्टाने गाठीला बांधलेले द्रव्य एका फटक्यात जावे आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा, असे त्यांच्या बाबतीत एकाहून अधिक वेळा घडले. शांतिपर्वातील मात्स्यन्याय त्यांनी अशा रीतीने स्वतःच्या अंगावर अनुभवला.

काल्पीच्या वाटेवरचा विहिरीजवळचा प्रसंग मात्र याच मुलखातला आहे. पराभवानंतर दौडत आलेली, धुळीने माखलेली, तहानलेली राणी लक्ष्मीबाई तेथे त्यांना भेटली. गोडसे तिच्यासाठी पाणी काढू लागले. विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी शेंदावे हे तिला प्रशस्त वाटले नाही. तिने दोर स्वतः हाती घेतला, पाणी काढले आणि ओंजळीने ती प्याली. मराठी वाचकाला हा प्रसंग परिचित आहे, आणि तो बहुधा करुणरसाचा म्हणून वाचला जातो. त्याकडे आणखी एका अंगाने पाहता येते. त्या क्षणी राणीजवळ राज्य नव्हते, दरबार नव्हता, तिने कसे वागावे हे पाहणारे कोणी नव्हते. मर्यादा मोडली असती तरी तिला दोष देणारा कोणी उरला नव्हता. तरीही तिने मर्यादा पाळली. बाहेरचा नियम संपल्यावर जे उरते त्याला नीती म्हणावयाचे असेल, तर तिचे उदाहरण येथे आहे.

अर्थात ही मर्यादाही विशिष्ट समाजरचनेतली आहे, हे मान्य केले पाहिजे. ब्राह्मणाविषयीचा आदर हा वर्णव्यवस्थेचा भाग होता, आणि ती व्यवस्थाही कोणाला आत घ्यावे आणि कोणाला बाहेर ठेवावे याची यादी करूनच उभी होती. गोडसे स्वतः त्या यादीच्या वरच्या टोकाला होते. त्यांच्या करुणेचा ओघ आधी आपल्या ज्ञातीकडे, मग ओळखीच्या घरांकडे आणि त्यानंतर इतरांकडे वळतो. बिजनात मेलेले ब्राह्मण त्यांच्या लेखनात नावागावाने येतात; बाकीच्यांचा बहुधा समुदाय होतो. त्यांना अन्नाला लावणारा, वाट दाखविणारा, ओझे उचलणारा सामान्य माणूस पानापानांतून जातो, पण चेहरा धारण करीत नाही. फौजेची यादी आणि भटजींची यादी यांत क्रौर्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पण यादी दोन्हीकडे आहे. गोडसे यांच्या जीवनाकडे आदराने पाहणाऱ्या अभ्यासकानेही हे टाळू नये.

चित्रकूट, प्रयाग, काशी, अयोध्या अशा यात्रा करीत अखेर ते परतीला लागले. घर सोडून दोन वर्षांहून अधिक काळ लोटला होता. ज्या द्रव्यासाठी निघाले त्यातले फारसे काही हाती राहिले नव्हते. त्यांनी बरोबर आणली ती गंगेची कावड. शेकडो कोस ती सांभाळून आणून त्यांनी वरसईला आई-वडिलांना गंगोदकाने स्नान घातले. पैसा वाटेत चारदा गेला, पाणी मात्र घरी पोहोचले. लुटणाऱ्यांना त्याचा उपयोग नव्हता हे एक कारण. वाहणाऱ्याने ते खाली ठेवले नाही हे दुसरे. व्यवहाराच्या हिशेबाने हा प्रवास फसला. ज्या हिशेबाने गोडसे स्वतः आपले आयुष्य मोजत होते, त्याने तो फसला असे म्हणता येत नाही.

६

यानंतरचे गोडसे यांचे आयुष्य गावच्या उपाध्यायाचे आहे. पूजा, संस्कार, पौरोहित्य यांत पुढली वर्षे गेली. प्रवासाच्या गोष्टी ते सांगत असत आणि लोक ऐकत असत. वैद्य घराण्याशी त्यांचा उपाध्यायपणाचा संबंध होता. त्या घराण्यातील चिंतामण विनायक वैद्य यांनी ही हकिकत लिहून काढण्याचा आग्रह धरला, आणि घटनांना सुमारे पाव शतक लोटल्यावर गोडसे यांनी ती लिहिली. इंग्रजी अमलात अशा मजकुराचे परिणाम काय होतील, ही धास्ती होती. वैद्यांनी संस्कार करून तो ग्रंथ १९०७ साली छापला तेव्हा गोडसे हयात नव्हते. पुढे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातील मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये मूळ संहिता प्रसिद्ध केली. अमृतलाल नागर यांनी तो हिंदीत नेला, आणि एकविसाव्या शतकात त्याची इंग्रजी भाषांतरेही झाली.

स्मरणातून लिहिलेल्या या ग्रंथात तारखांची गल्लत आहे, ऐकीव मजकूर आहे, पुराणिकाच्या कथनाची लकब आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला ते दोष गाळून घ्यावे लागतात. पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने पाव शतकाचे हे अंतर उपकारक ठरले. इतक्या वर्षांनंतर माणसाच्या मनात काय टिकून राहते, हेही त्याच्या नीतीचे एक माप आहे. गोडसे यांच्या स्मरणात लुटीच्या पायऱ्या राहिल्या आणि विहिरीवरचा दोरही राहिला. बिजन करणाऱ्यांविषयी त्यांना क्रोध आहे, परंतु त्यांच्या लेखनात सूडाची मागणी नाही. ज्याने आपले सर्वस्व लुटले जाताना पाहिले, त्याने पंचवीस वर्षांनी लेखणी उचलली ती काय घडले ते सांगण्यासाठी.

माणूस मुळात चांगला की वाईट, या प्रश्नाचे उत्तर विष्णुभट गोडसे यांच्या जीवनातून मिळत नाही. त्यापेक्षा अधिक उपयोगी असा एक निकष मिळतो. समाज मोडकळीला आला असता क्रौर्य कोठून येईल हे पाहावयाचे असेल, तर नियम उरला आहे की नाही एवढे पाहून भागत नाही. त्या नियमाने कोणाला बाहेर ठेवले आहे, हे पाहावे लागते. आणि नीती कोठे टिकली हे पाहावयाचे असेल, तर ज्याला पाहणारा, शिक्षा करणारा किंवा बक्षीस देणारा कोणी राहिलेला नाही, अशा माणसाच्या हाताकडे पाहावे लागते. वरसईच्या या उपाध्यायाने १८५८ च्या वसंतात आणि उन्हाळ्यात या दोन्ही गोष्टी पाहिल्या, आणि दोन्ही तितक्याच खरेपणाने लिहून ठेवल्या.